एकोणतिसाव्या नावाला ओ

नितेश सरोदेच्या तुकडीत कागदावर एक्केचाळीस रंगरूट होते आणि मैदानावर चाळीस. पहिले तीन महिने ही गोष्ट पोरांच्या ध्यानातच आली नाही. पूर्ण तुकडी अशी कधी दिसतच नाही. दोघं मेसमध्ये कांदे चिरत असतात, एक तापानं पडलेला असतो, एक साहेबांच्या बंगल्यावर गुलाबांना पाणी घालत असतो. सरकारी मोजणीत माणूस कमी पडला तर गहजब होतो. कागदावर एखादा जास्त झाला तर कोणाच्या पोटात दुखत नाही.

हा कॅम्प अमरावती शहर संपून जिथं संत्र्याच्या बागा सुरू होतात त्या बाजूला आहे एवढंच सांगतो. नाव सांगत नाही, तिथले बाबू अजून नोकरीत आहेत. राखीव दलाची पोरं तिथं नऊ महिने घोटली जातात. पहाटे साडेचारला शिट्टी. शिट्टी वाजल्यावर पंधराव्या मिनिटाला बिछाना असा घडी झालेला पाहिजे की त्याच्या कडेवर बोट ठेवलं तर कापेल. मग हौदावर एका बादलीत दाढी, अंघोळ आणि बनियन धुणं, तिन्ही. सहाला पहिली हजेरी आणि पीटी, त्यात पाच किलोमीटरची दौड. आठला चहा आणि भिजवलेले चणे. साडेआठपासून अकरापर्यंत कवायत, मुरमाच्या मैदानावर, बुटांच्या टाचा एकाच वेळी आपटेपर्यंत. दुपारी वर्गात कायदा शिकवतात, तिथं सगळे उघड्या डोळ्यांनी झोपतात. चारनंतर फटीग, म्हणजे गवत उपटा, दगडांना चुना मारा, काल मारला असेल तर आज परत मारा. आणि संध्याकाळी साडेसहाला दिवसातली दुसरी हजेरी. कवायत शिकवणारा उस्ताद नाव घेतो, नाववाला ओरडतो, ‘हजर सर!’ एवढं झालं की पोरगा त्या दिवसापुरता जिवंत आहे असं सरकार मानतं.

नितेशचं नाव त्या यादीत अगदी शेवटी होतं, एक्केचाळिसावं, आणि ते टाइप केलेलं नव्हतं. निळ्या शाईनं हातानं लिहिलं होतं. ते तसं का, हे पोरांपैकी त्याला एकट्याला ठाऊक होतं.

तो प्रतीक्षा यादीतून आला होता. त्याच्या वरचा एक जण गळला म्हणून आला होता. तो गळलेला म्हणजे विपुल नत्थुजी मोहोड, यादीतला एकोणतिसावा, नितेशच्या घरासमोरचा, दार उघडलं की दार दिसेल असा. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात दोघं एका वर्गात शिकले, एकाच वर्षी बारावी झाले आणि दोन वर्षं रोज पहाटे बरोबर पळाले. पळायचे ते शकुंतला नावाच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या रुळांमधून. गाडी बंद पडून वर्षं झाली होती, रुळांत तरोटा कमरेएवढा वाढला होता, पण मधली पायवाट मऊ होती आणि पायाच्या नळ्या दुखत नसत. तिथं सापांची भीती असायची म्हणून कोणी एकटं जात नसे. एकानं पुढं काठी घेऊन पळायचं, दुसऱ्यानं मागं. पुढं कायम विपुल असायचा. एकटा असेल त्यानं डांबरी रस्त्यानं पळायचं, असं ठरलेलंच होतं.

नोव्हेंबरात निवड यादी लागली. विपुल यादीत होता, नितेश एका गुणानं बाहेर, प्रतीक्षा यादीत पहिला. विपुलनं गावाला पेढे वाटले आणि पहिला पेढा नितेशच्या तोंडात कोंबला. ‘तू बी येतो बे, कोनी ना कोनी गळतेच,’ असं म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता, आणि नितेशला तो पेढा विषासारखा लागला. मित्राचं भलं झालेलं सहन होत नाही असं कोणी कबूल करत नाही. नितेशनंही केलं नाही. मूग गिळून बसला.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता विपुल नेहमीसारखा दारात आला. ‘नित्याऽ!’ त्यानं हाक मारली. नितेशची आई, रुख्मिणी, गोठ्यात होती. वडील खाटेवर, त्यांचं अर्धं अंग गेलेलं. नितेश पांघरुणात जागा होता. हाक त्यानं स्वच्छ ऐकली आणि ओ दिली नाही. विपुलनं परत हाक मारली. नितेशनं पांघरूण तोंडावर ओढलं. आता तुझी निवड झाली ना, मग पळ एकटा, असं तो मनात म्हणाला. थोड्या वेळानं पावलं डांबरी रस्त्याच्या दिशेनं गेली.

कापसाचा ट्रक होता. अकोल्याच्या दवाखान्यातून विपुलला आणलं ते कापडात बांधूनच. विपुलच्या आईनं, सुभद्राकाकूनं, तोंड पाहू द्या म्हणून टाहो फोडला, पण नत्थुजींनी नाही म्हणजे नाहीच सोडू दिलं. पंधरा दिवसांनी नितेशच्या घरी सरकारी आदेश आला. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात, पण नितेशला हसूही आलं नाही आणि रडताही आलं नाही. बापाच्या औषधाला आणि घराला ती नोकरी पाहिजेच होती. पेटी भरली आणि निघाला.

पहिले तीन महिने म्हाताऱ्या उस्तादानं ओढले. त्याला विपुलचं माहीत होतं. त्यानं एकोणतिसावर पेन्सिलीची रेघ मारली होती आणि हजेरी घेताना तो अठ्ठाविसावरून थेट तिसावर जायचा. त्या एका श्वासाएवढ्या जागेत नितेश रोज दोनदा आपल्या बुटांच्या टोकांकडं पाहायचा. एप्रिलमध्ये म्हातारा निवृत्त झाला आणि देवानंद इंगोले उस्ताद आला. पस्तिशीचा, हाडं मोजावीत असा सडपातळ, कानाला लागेल असा आवाज. त्यानं जुना मळका पट फेकून दिला आणि ऑफिसातून कॉम्प्युटरची ताजी यादी काढून आणली. तिच्यात पेन्सिलीची रेघ कशी येणार?

‘विपुल नत्थुजी मोहोड.’

दुपारी बेचाळीस डिग्री होऊन गेले होते, मुरूम अजून भाजत होता.

‘विपुल नत्थुजी मोहोड! कुठे मेला हा?’

नितेश शेवटच्या रांगेत उभा होता. सांगायला एकच वाक्य होतं: सर, तो वारला आणि त्याच्या जागी मी आलो. पण ते त्याच्या तोंडून निघेना. बॅरेकमध्ये त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं की आपण वेटिंगवाले आहोत. कोणाच्या मरणावर आपली नोकरी आली हे तर दूरच. रांगेत विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम त्याला त्या क्षणी देवासारखा धावून आला.

‘एक नाही तर कोणीच नाही,’ देवानंद उस्ताद म्हणाला. ‘पूरी तुकडी, राउंड चालू. तो येईपर्यंत.’

चाळीस पोरं मैदानाला फेऱ्या मारू लागली. सहाव्या फेरीला स्वप्निल ठोंबरे लडखडला. हा स्वप्निल नितेशच्या शेजारच्या खाटेवरचा, चिखलदऱ्याकडचा, थंड हवेत वाढलेला. एप्रिलचं ऊन त्याला आठ दिवसांपासून बाधत होतं. तो तोंडावर पडला आणि उठला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. उस्तादानं परत रांग लावली. परत पहिल्यापासून नावं. एकोणतीस आलं.

‘विपुल नत्थुजी मोहोड.’

‘हजर सर!’

नितेशनं ओ दिली. आवाज थोडा नाकातून काढला, ओळखू येऊ नये म्हणून. विपुलला बारमाही सर्दी असायची, तो तसाच बोलायचा. उस्तादानं मान वर केली नाही. टिक केली. ‘पहिले का बोलला नाही, झोपला होता?’ एवढं विचारलं आणि पुढं गेला. एक्केचाळीसला नितेशनं आपल्या आवाजात परत ओ दिली. सुंठीवाचून खोकला गेला असं त्या संध्याकाळी सगळ्या तुकडीला वाटलं.

‘कोन बे हा मोहोड?’ स्वप्निलनं रात्रीच्या जेवणाच्या रांगेत ताट पुढं करत विचारलं. ‘म्या तं कवा पाह्यला नाई.’

‘असन कोनी. ऑफिसात ड्यूटी असन त्याची.’

‘मजा हाय लेकाची.’

दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंद उस्तादानं परत नाव घेतलं, आणि नितेशनं परत ओ दिली. खोटं बोलायला पहिल्यांदा धाडस लागतं, दुसऱ्यांदा फक्त सवय. तरी आठवड्याभरानं त्याचं मन खाऊ लागलं आणि तो धीर करून ऑफिसात गेला. आपलं नाव न सांगता त्यानं विचारलं, यादीतलं एखादं नाव कमी करायचं असेल तर काय करावं लागतं? बाबूनं सुपारी कातरता कातरता सांगितलं, ‘मयत असन तं मृत्यूचा दाखला आन. आईबापाची सही आन. अर्ज कर.’ मग चष्म्यावरून पाहून म्हणाला, ‘अन् खोटी हजेरी लावनारा सापडला तं त्याचं नाव आमी बिना अर्जाचं कमी करतो.’ सुभद्राकाकूच्या पुढ्यात जाऊन पोराच्या मरणाचा दाखला मागायचा, तोही यासाठी! नितेश आला तसा परत गेला.

मे गेला, जून गेला. सकाळी एक, संध्याकाळी एक. संध्याकाळची हजेरी जास्त वाईट. दिवे लागायची वेळ, पश्चिमेकडच्या संत्र्यांच्या बागा काळ्या पडत चाललेल्या, आणि मैदानाच्या त्या टोकाहून एका मेलेल्या माणसाचं नाव खणखणीत पुकारलं जायचं. तिन्हीसांजेला कोणी नाव घेऊन हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये, पहिल्या दोन हाका माणसाच्या असतीलच असं नाही, हे नितेशला आईनं लहानपणी बजावलं होतं. पण तिसरी हाक इथं कोण मारणार? उस्ताद पहिल्याच हाकेला ओ मागायचा. आणि इथं तर उलटंच होतं. हाक मारणारा जिवंत होता, ओ देणारा मेलेला.

हळूहळू विपुल आला. बाहेरून नाही आला, बूट वाजवत, पांढरे कपडे घालून, तसं काही नाही. दौडीत आला. पाच किलोमीटरमध्ये तिसरा किलोमीटर संपला की नितेशला पुढं कोणाचा तरी श्वास ऐकू यायचा, नाकात अडकलेला, ओळखीचा. मग तो वेग वाढवेना. पुढं जावंसंच वाटेना. पुढं कायम विपुल, मागं नितेश, तसंच. देवानंद उस्ताद घड्याळ हातात धरून ओरडायचा, ‘सरोदे, दम आहे तुझ्यात, मग थांबतो काहून? कोणाची वाट पाहून राहिला?’ सगळे हसायचे. नितेशही हसायचा.

जुलैत एक दिवस एक्केचाळिसाव्या नावाला, म्हणजे स्वतःच्या नावाला, त्यानं ओ दिली आणि ती नाकातून आली. मुद्दाम काढली नव्हती. तो घाबरला. हजेरी सुटल्यावर स्वप्निलनं पाठीवर थाप मारली. ‘आवाज बसला काय बे? काढा घे.’ नितेशनं आल्याचा काढा घेतला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. इतवारी घरी फोन लावला तर रुख्मिणी पलीकडून म्हणाली, ‘कोन बोलून राह्यलं?’

‘मी, माय.’

‘कोन मी?’

‘नितेश, माय. काहून, मी वळखू येत नाई काय?’

‘मले वाटलं… जाऊ दे. सर्दी झाली काय तुले?’

तिला काय वाटलं ते त्यानं विचारलं नाही. त्या रात्री तो भीतीनं रडला, बावीस वर्षांचा घोडा, छाती सत्त्याऐंशी सेंटिमीटर, तोंडात टॉवेल कोंबून रडला. विपुलची जागा आपण घेतली असं तो समजत होता. आता त्याला वाटू लागलं की रोज दोनदा दार उघडून आपणच त्याला आत घेतोय, आणि एक दिवस आत दोघांना जागा पुरणार नाही.

तरी तो थांबला नाही. थांबला असता तर उस्तादानं विचारलं असतं, चौकशी झाली असती, नोकरी गेली असती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं स्वतःशीही कधी मोठ्यानं म्हटली नाही. ओ देताना त्याला बरं वाटायचं. जी त्या पहाटे दिली नाही ती आता देतोय, असं वाटायचं.

सप्टेंबर संपता संपता आईचा फोन आला. दीक्षांत संचलनाला आठ दिवस होते. बापाला सोडून तिला येता येणार नव्हतं, हे नितेशला माहीतच होतं. पण तिचं बोलणं त्याबद्दल नव्हतं.

‘बाबू, सुभद्रेच्या घरी कारड आलं.’

‘कसलं?’

‘तुह्या कॅम्पाचं. मले आलं तसंच. आपला पाल्य विपुल नत्थुजी मोहोड यानं प्रशिक्षण पुरं केलं, संचलन पाहाले या म्हणून. शिक्का हाय त्यावर.’

ज्याची हजेरी भरली त्याच्या घरी कार्ड, असा ऑफिसचा साधा हिशेब. परीक्षा, गोळीबार, या गोष्टींच्या याद्या वेगळ्या टेबलावर, आणि टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत.

‘मंग?’

‘मंग काय. नत्थुभाऊ म्हणते फाडून फेक, सरकारची चूक हाय. सुभद्रा म्हणते, म्या माह्या लेकराचं तोंड कोठी पाह्यलं? बांधलेलं गाठोडं पाह्यलं. दवाखान्यात बदलाबदली होत नसन काय? सरकारले काही ठाऊक असन तवाच लिहिलं.’ रुख्मिणीचा आवाज फुटला. ‘काल तिनं त्याचे सारे कपडे धुतले, बाबू. दोरीवर वाळत घातले. मले म्हणे, हवालदाराले हे शर्ट आता आखूड होतीन.’

नितेशनं फोन ठेवला. आपल्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून, आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून आपण जे करत होतो, त्यानं एका बाईचा मेलेला मुलगा जिवंत केला होता. आता तो तिच्यासाठी परत मारायला पाहिजे होता, आणि ते काम दुसरं कोणी करणार नव्हतं. तिला फोन करायचं त्यानं रोज ठरवलं. आठही दिवस ठरवलं.

संचलन छान झालं. चुन्याच्या रेषा, बँड, छाती पुढं काढून दाहिने देख, पाहुण्यांचं भाषण, टाळ्या. नितेशला त्यातलं काही आठवत नाही. मंडपात तिसऱ्या रांगेच्या टोकाला सुभद्राकाकू बसली होती, हिरवं इरकल नेसून, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, आणि प्रत्येक रांग पुढून गेली की ती मान लांब करून एकेक चेहरा पाहत होती.

संचलन संपल्यावर आईबाप मैदानात धावले. तिनं नितेशला पाहिलं आणि ती आली. त्याच्या टोपीकडं पाहत राहिली.

‘सगळे सारखेच दिसून राह्यले रे,’ ती म्हणाली. ‘टोपी सारखी, मिशी सारखी. एवढ्यात असला बी, तं वळखू कसा येईन?’

‘काकू…’

‘म्या येडी नाई झालो, बाबू. म्या म्हटलं, शिक्का हाय, पाहून तं येऊ. नाई तं नाई.’ मग तिनं हळूच विचारलं, कोणी ऐकेल म्हणून घाबरल्यासारखं, ‘नावं पुकारतीन काय आता?’

पुकारणार होते. कोणती तुकडी कोणत्या कंपनीत जाणार त्याची पत्रं द्यायची होती, त्याआधी शेवटची हजेरी. शिट्टी वाजली. नितेशला सांगायचं होतं, तोंड उघडलंही होतं, पण शिट्टी वाजली आणि नऊ महिन्यांची सवय पायांत होती. तो पळाला. जाता जाता त्यानं मागं पाहिलं. ती मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली होती, कान देऊन.

देवानंद उस्तादानं पट उघडला. एक. दोन. पोरं आज जास्तच जोरात ओरडत होती, आईबापांना ऐकू जावं म्हणून. नितेशनं हिशेब केला, हिशेब कसला, दोनच वाटा होत्या. ओ द्यावी तर ती बाई तिथून धावत येईल, त्या नाकातल्या आवाजाला कवटाळायला. आणि मग? न द्यावी तर सगळी तुकडी मागं वळून पाहील, उस्ताद विचारेल, पाच महिन्यांचं खोटं बाहेर येईल, आणि वर्दी अंगावर चढून दोन तास झाले नाहीत तोवर उतरेल. अठ्ठावीस.

‘विपुल नत्थुजी मोहोड.’

आवाज आपोआप घशात आला. त्यानं दात घट्ट मिटले. कडुनिंबाखाली सुभद्राकाकू दोन पावलं पुढं आली.

‘विपुल नत्थुजी मोहोड!’

उस्तादानं पटावरून मान वर काढली. तिसऱ्यांदा नाव घ्यायला त्यानं तोंड उघडलं त्याआधी नितेश एक पाऊल पुढं आला आणि टाच आपटून सावधान उभा राहिला.

‘सर, तो वारला. मागच्या नोव्हेंबरात. त्याच्या जागी मी आलो.’

बोलताना त्याच्या ध्यानात आलं, आवाज त्याचा स्वतःचा होता. मोठाही होता. कडुनिंबापर्यंत गेला.

देवानंद उस्ताद त्याच्याजवळ आला. अगदी हळू बोलला. ‘मग एप्रिलपासून ओ कोण देत होतं?’

‘मी, सर.’

उस्तादाचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू त्याचा रंग गेला. पाच महिने रोज दोनदा त्यानं स्वतःच्या हातानं टिक केली होती, मान वर न करता. चौकशी लागली असती तर पहिलं नाव त्याचंच आलं असतं. मग त्यानं खिशातून पेन काढलं, एकोणतिसावर आडवी रेघ मारली आणि जागेवर परत गेला. ‘तीस,’ तो ओरडला. स्वप्निल ठोंबरे मागून काहीतरी पुटपुटला, नितेशला ते कळलं नाही.

हजेरी सुटल्यावर तो तिच्याकडं गेला. ती खाली बसली होती. रडत नव्हती. कार्ड पिशवीतून काढून तिनं त्याची चौघडी केली होती आणि तिची आणखी एक घडी घालायचा प्रयत्न करत होती, जाड कागद होता, घडी बसत नव्हती. त्यानं सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, एप्रिलपासूनचं.

‘मले बसस्टँडवर सोडून दे,’ ती म्हणाली.

त्यानं उस्तादाला विचारलं, त्यानं मान हलवली. नितेशनं तिची पिशवी घेतली आणि ऑटो केला. रस्त्यात ती यंदाच्या सोयाबीनबद्दल बोलली, त्याच्या बापाच्या तब्येतीबद्दल बोलली. त्याच्या छातीवरचं ओझं थोडं थोडं कमी होत होतं. आपल्याला माफी मिळाली, असं त्याला वाटू लागलं होतं.

अकोल्याची गाडी लागलीच होती. तिनं एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि ती वळली.

‘रोज दोन खेप ओ देत होता ना तू त्याच्या नावाची?’

‘हाव, काकू.’

‘पाच महिने.’

‘हाव.’

‘त्या दिशी सकाळी म्या आंगनात सडा टाकून राह्यलो होतो,’ ती म्हणाली. ‘तुह्या दारात उभं राहून त्यानं तुले हाका मारल्या. दोन. म्या आयकल्या. तुह्यी खाट खिडकीतून दिसते आमाले, दिवा लागला होता. पांघरून वढलं तू तोंडावर, ते बी पाह्यलं.’

मागून कंडक्टर ओरडत होता, चला, चढा लवकर.

‘तवा येक ओ देल्ली असती तं, बाबू, मंग ह्या साऱ्या कायले लागल्या असत्या?’

ती वर चढली. गाडीत खूप गर्दी होती. तिला बसायला जागा मिळाली की नाही, ते त्याला खालून दिसलं नाही.